चितळांसाठी खास डरकाळी

एका जंगलात, जिथे अजून एकाही झाडाच्या बुंध्याला जाहिरात चिकटलेली नव्हती, तिथे चितळांचा एक कळप राहत होता. चितळ म्हणजे अंगावर ठिपके असलेलं हरीण. माहीत आहे ना, बाळांनो? मग नुसत्या माना काय डोलवता, तोंडाने हो म्हणा. मुक्या श्रोत्यांचा मला भारी राग येतो.

तर या कळपात हौसा नावाची एक चितळीण होती. तिला नुकतंच पिल्लू झालं होतं. त्याचं नाव बारकू. गेल्या साली झालेलं तिचं पिल्लू डागोजीराव बिबट्याने उचलून नेलं होतं. त्यामुळे या खेपेला हौसा एक घास खायची की मागे वळून बघायची. धड खाणं नाही, धड रवंथ नाही.

आता चितळांची एक रीत आहे. ती नीट ऐका, नाहीतर शेवटी "असं कसं झालं हो?" म्हणून माझं डोकं खाल. पिल्लू लहान असलं की आई त्याला उंच गवतात निजवते आणि चरायला जाते. पिल्लाने हलायचं नाही, ओरडायचं नाही. बिबट्या शेजारून गेला तरी श्वास धरून पडून राहायचं. आई परत आली की घशातल्या घशात एक हळू हाक मारते. त्या हाकेला तेवढं उठायचं आणि दुधाला पळायचं. इतर कुठल्याही आवाजाला उठायचं नाही. तुमच्या घरी आईने हाक मारली की सगळे बहिरे होतात, ते वेगळं.

शिवाय कळपाला आणखी एक आधार होता, शेंडेनाना वानर. नाना उंच साजाच्या झाडावर बसायचे. पाला खायचे, अर्धा खाली टाकायचे. चितळं खाली तो पाला खायची. डागोजीराव लांबून येताना दिसले की नाना वरून "खॅक! खॅक!" करून असं ओरडायचे, की कळप क्षणात पसार. याबद्दल नाना काही घेत नसत. ओरडल्याशिवाय त्यांनाच चैन पडत नसे.

अशा या जंगलात एके दिवशी उड्या मारत जंपसन साहेब आले.

जंपसन साहेब म्हणजे कांगारू. सातासमुद्रापलीकडच्या महागर्जना कंपनीचे अधिकारी. त्यांच्या पोटाशी पिशवी होती आणि पिशवीत मालाचे नमुने. काय म्हणालास, चष्मेवाल्या? नर कांगारूला पिशवी नसते? हुशार आहेस. ती पिशवी कंपनीने शिवून दिली होती. आता मध्ये बोलू नकोस.

साहेबांनी सगळ्या प्राण्यांना माळावर बोलावलं. एका वारुळावर छोटासा डबा ठेवला.

"मित्रहो," ते म्हणाले, "तुम्हाला संरक्षण हवं आहे. पण सिंहासारखी छाती तुमच्याकडे नाही. काळजी नको. या डब्यात खऱ्या सिंहाची ताजी, हवाबंद डरकाळी भरलेली आहे. संकट आलं की झाकण उघडायचं. बस्स."

"आणि मग काय होतं?" शेंडेनानांनी वरून विचारलं.

"प्रात्यक्षिकच बघा," म्हणून साहेबांनी झाकण उघडलं.

अरे बापरे! काय ती डरकाळी! माळ हादरला. ससे दिसेल त्या बिळात घुसले, मग बीळ कुणाचं का असेना. शेंडेनाना आयुष्यात पहिल्यांदा झाडावरून पडले. हत्तीण मावशी, ज्या रोज सांगायच्या की मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, त्या "मला एक काम आठवलं" म्हणून निघाल्या ते वाटेतली झाडं मोडत. आणि कड्यावर बसून गंमत बघणारे डागोजीराव शेपूट पायात घालून नदीपार पळाले.

हौसाही बारकूला घेऊन पळाली. पण नदीकाठी पोचल्यावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, डागोजीराव पळाला! ती बारकूला गवतात निजवून तशीच परत आली. माळ रिकामा होता. जंपसन साहेब एकटेच वारुळापाशी चेहरा पाडून बसले होते.

"साहेब, हा डबा मला द्या," हौसा धापा टाकत म्हणाली.

"कुठला, मॅडम?"

"हाच. आत्ता ओरडला ना, तो."

साहेबांनी मान हलवली. "मॅडम, हा माल तुमच्या मार्केटसाठी नाही."

"म्हणजे हो काय?"

"बघा ना, सगळा ग्राहक पळून गेला. समोर ग्राहकच नसेल तर माल विकायचा कुणाला? इथल्या लोकांना हा माल फार भीतीदायक वाटतो."

"अहो साहेब, डरकाळीच ती! भीती वाटायलाच हवी की नाही?"

"ते तुमचं वैयक्तिक मत झालं," जंपसन साहेब प्रेमाने म्हणाले. "आमची कंपनी कुणावर काही लादत नाही. आम्ही प्रत्येक मार्केटला त्याच्या आवडीचा माल देतो. बर्फाच्या मुलखात आम्ही डरकाळीला लोकरीचं अस्तर लावलं. वाळवंटात उंटांसाठी बिनपाण्याची डरकाळी काढली. एका बेटावर कासवांसाठी सावकाश डरकाळी आहे. सकाळी झाकण उघडलं की संध्याकाळपर्यंत अर्धी बाहेर येते."

"तिला कुणी घाबरतं का पण?"

"तक्रार एकही नाही, मॅडम."

हौसाने पुन्हा डब्याकडे बोट... म्हणजे खूर केला. "मला अस्तर नको, काही नको. हाच एक डबा द्या. माझं पिल्लू लहान आहे हो."

"हा फक्त सिंहांच्या मार्केटला जातो."

"सिंहाला कशाला लागतो डरकाळीचा डबा?"

"त्यांना आता स्वतः ओरडायला वेळ नसतो," साहेब म्हणाले, आणि डबा पिशवीत घालून उठले.

मग जंगलात सर्व्हे सुरू झाला. सर्व्हे म्हणजे काय, ते सांगतो. तुम्हाला काय हवं ते विचारायचं, आणि तुम्ही सांगून दमलात की त्यातलं सोयीचं तेवढं ऐकायचं.

अस्वलाने मधातली डरकाळी मागितली. मिळाली. मोर म्हणाला, आवाजाचं मरो, दिसायला कशी आहे? त्याला पिसाऱ्याची डरकाळी मिळाली. सापाला कान नसतात, म्हणून त्याच्यासाठी अजिबात आवाज न करणारी डरकाळी काढली. ती कंपनीला फारच स्वस्तात पडली. घुबडाला झोपमोड न करणारी हवी होती. सशाने सांगितलं, मला शेजाऱ्यांना त्रास देणं आवडत नाही. त्याला स्वतःच्या कानात घालून एकट्याने ऐकायची डरकाळी मिळाली. ती ऐकून ससा रोज एकटाच घाबरायचा आणि म्हणायचा, पैसा वसूल. बगळ्याने तर कांदा-लसूण नसलेली, उपवासाला चालणारी डरकाळी मागितली. एका पायावर उभं राहून ती उघडायची असते, असं डब्यावरच छापून आलं.

हसू नका. तुमच्या घरचे डबे एकदा वाचून बघा.

शेवटी साहेब चितळांकडे आले. चितळांचं कसं आहे, ती सगळं मिळून करतात. एकाने शेपूट वर केलं की सगळ्यांची शेपटं वर. एक पळाला की सगळे पळाले, कशासाठी ते पळून झाल्यावर विचारायचं. त्यामुळेच बिचारी आजवर टिकली होती, त्यात हसण्यासारखं काही नाही.

साहेबांनी पहिला प्रश्न टाकला. "डरकाळीत भीती कमी असावी, असं ज्यांना वाटतं त्यांनी कान हलवावेत."

नेमकी त्याच वेळी कळपाचे म्होरके, शिंगाळे आबा, यांच्या कानावर माशी बसली. आबांनी कान हलवला. झालं! सगळ्या कळपाचे कान फडाफडा हलले. हौसाचाही हलला. तिने तो थांबवायचा लाख प्रयत्न केला हो, पण चितळाचा कान तो, ऐकतोय थोडाच.

"एकमत!" साहेब खूश झाले. "आता दुसरा प्रश्न. तुमच्या कानांना सगळ्यांत गोड वाटणारा आवाज कुठला?"

आबांचे डोळे भरून आले. म्हातारं चितळ ते, किती पावसाळ्यांपूर्वीची आठवण त्यांना झाली असेल, कोण जाणे. "आईची हाक," ते म्हणाले. "गवतात पडलेलं असताना ऐकू येते, ती."

"आईची हाक, आईची हाक," सगळा कळप म्हणाला. हौसाच्याही तोंडून तेच निघालं. खोटं नव्हतंच ते.

"मग ठरलं," साहेब म्हणाले. "चितळांसाठी खास डरकाळी. आईच्या हाकेच्या चवीची."

हौसा पुढे घुसली. "अहो साहेब, असं काय करता? आईची हाक ऐकून डागोजीराव कसा पळेल?"

"ताई," साहेब म्हणाले. मॅडम म्हटलेलं चितळांना परकं वाटतं, असं तोवर सर्व्हेत निघालं होतं. "ताई, डागोजीराव तुमच्या मार्केटमध्ये येत नाहीत. त्यांचा विभाग वेगळा आहे."

"अहो, तो आमच्याच गवतात येतो!"

"येत असतील. पण कागदावर त्यांचा विभाग वेगळा आहे."

हौसाने कपाळावर खूर मारून घेतला. "बरं, या डब्यात थोडी तरी खरी डरकाळी असेल का?"

"असेल की. अर्क आहे ना. अगदी तळाशी."

या तळाशी असलेल्या अर्कावर हौसाने जीव टांगला. दुसरं काय करणार बिचारी!

इकडे कंपनीने शेंडेनानांना विभागीय वितरक नेमलं. त्यांना लाल टोपी दिली. नाना ती घालून आख्ख्या जंगलात मिरवले. डबे वाटायचे, झाडाझाडांवर चितळाच्या वेशातल्या सिंहाचं चित्र लावायचं, हे त्यांचं काम. अट एकच होती. झाडावरून "खॅक" करून ओरडायचं नाही. फुकट ओरडण्यामुळे कंपनीच्या मालाशी स्पर्धा होते.

हौसा धावत नानांकडे गेली. "नाना, तुम्ही तरी ओरडत राहा हो! हळूच ओरडा. कुणाला कळणार नाही."

"हळूच ओरडलो तर तुलाही कळणार नाही, पोरी," नाना म्हणाले. "आणि आता ह्या वयात, ह्या टोपीत, झाडावर बसून ओरडणं बरं दिसतं का? माझी नातवंडं काय म्हणतील?"

"माझ्या बारकूला काही झालं तर?"

नानांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "डबा आहे ना तुझ्याकडे."

डबा आला. सुरेख होता. तांबूस, वर पांढरे ठिपके. आबांनी पहिला डबा उघडला आणि आतून अशी हाक आली, की काय सांगू! मऊ, ओलसर, दुधाचा वास असलेली. ती ऐकून कळपातल्या म्हाताऱ्या नरांनाही रडू फुटलं. कुणाला आपली आई आठवली, कुणाला बालपण, आणि एकाला उगीचच भूक लागली. सगळे म्हणाले, वा, डरकाळी असावी तर अशी. ऐकून भीती म्हणून वाटत नाही.

मग डबा रोजचाच झाला. आया सकाळ-संध्याकाळ डबा उघडायला लागल्या. आधी मनाला बरं वाटावं म्हणून. मग पिल्लं हट्ट करतात म्हणून. नंतर नंतर चरून परत आल्यावर हाक मारायलाही डबाच. घसा वाचतो, असं त्या म्हणायच्या. पिल्लंही डब्याच्या हाकेला टुणकन उठायची. डब्यातली आई कधी दमलेली नसायची, की कधी चिडलेली नसायची.

हौसाने आपला डबा मात्र बंद ठेवला होता. न जाणो, उघडून उघडून तळाचा अर्क उडून जायचा! ती बारकूला स्वतःच्या घशाने हाक मारायची. पण शेजारच्या पिल्लांचं बघून बारकू एकदा रुसला. उठेचना.

"आई, तू डब्याने बोलव ना."

"का रे? माझ्या हाकेला काय झालं?"

"तुझा आवाज खरखरीत आहे."

हौसाला फार लागलं ते. रात्रंदिवस काळजीने तिचा घसा बसला होता, हे त्या चिमुरड्याला कसं कळावं! आठवडाभर तिने तग धरला. मग एका संध्याकाळी बारकू दुधालाही येईना, तेव्हा तिने डबा उघडला. बारकू बाणासारखा आला. डब्यालाच नाक घासत बसला. हौसा बाजूला उभी राहून बघत होती. पिल्लू दुधाला आलं ना, मग झालं, असं ती स्वतःशी म्हणाली. त्यानंतर तिचाही डबा रोज उघडू लागला.

आता सावरून बसा.

एके दुपारी पिल्लं गवतात निजली होती. आया थोड्या लांब, माळाच्या बाजूला चरत होत्या. शेंडेनाना झाडावर एक नवीन चित्र लावत होते. तेवढ्यात त्यांना कोरड्या ओढ्यातून डागोजीराव येताना दिसले. नानांचं तोंड आपोआप उघडलं. "ख..."

आणि त्यांना टोपी आठवली. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. सरसर खाली उतरले आणि हौसाच्या कानाला लागले. "पोरी, बिबट्या आलाय. हळू सांगतोय, रागावू नकोस. जोरात सांगायची मला परवानगी नाही."

हौसाने मान वर केली. डागोजीराव गवतात शिरले होते. हुंगत, थांबत, इकडून तिकडे. आणि गंमत ऐका, त्यांना काहीही सापडत नव्हतं! पिल्लांच्या अंगाला वास नसतो. सगळी श्वास धरून पडली होती. डागोजीराव बारकूच्या इतके जवळून गेले, की त्यांची शेपटी त्याच्या पाठीवरून घासली. बारकू हलला नाही. शाब्बास माझ्या पठ्ठ्या!

डागोजीरावांनी जांभई दिली. "आज काही खरं नाही," असं पुटपुटून ते परत फिरले. खरंच फिरले. पाठ होती त्यांची कळपाकडे. हौसाला वाटलं, चालला, चालला, देवा, चालला एकदाचा.

तेवढ्यात आबा म्हणाले, "अरे, एवढे डबे आहेत, ते काय शोभेला? उघडा की!"

आणि त्यांनी आपल्या डब्यावर पाय मारला.

"थांबा!" हौसा किंचाळली. "तो चाललाय! उघडू नका!"

पण एकाने केलं की सगळ्यांनी करायचं. कळपातल्या एकूण एक आईचा पाय डब्यावर पडला. हौसाचाही पडला. ती "नको, नको" म्हणत होती आणि तिचा पाय झाकण उघडत होता. नंतर ती जन्मभर त्या पायाकडे रागाने बघायची.

सगळे डबे एकदम बोलले. मऊ, ओलसर, दुधाच्या वासाचे.

आणि गवतातून सगळी पिल्लं उठून उभी राहिली.

डागोजीराव वळले. क्षणभर ते बघतच राहिले. त्यांनी उभ्या आयुष्यात एवढी व्हरायटी पाहिली नव्हती. याला धरू की त्याला, डावीकडचा गुबगुबीत की उजवीकडचा कोवळा, त्यांना काही सुचेना. तुमची मावशी साड्यांच्या दुकानात उभी राहते, तसे ते उभे राहिले.

तेवढ्या वेळात हौसाने डब्याचा तळ खुराने ठोकून काढला. "निघ! निघ ना बाहेर, मेल्या!" अर्क काही निघेना. डबा गोड हाका मारतच राहिला. शेवटी तिने संतापाने त्याला लाथ घातली आणि स्वतःच्या बसक्या घशाने जिवाच्या आकांताने ओरडली. "पळा! पळा रे! बारकू, पळ!"

तिची ती कर्कश ओरड ऐकून नानांनाही राहवेना. टोपी गेली खड्ड्यात! ते "खॅक! खॅक! खॅक!" करून बोंबलले. बरीच पिल्लं दचकून पळाली. आयांच्या पोटाखाली शिरली.

बारकूनेही आईकडे पाहिलं. तोंड वासलेली, डोळे फिरलेली, खरखरीत आवाजाची ती चितळीण त्याच्या ओळखीची नव्हती. लाथाडलेला डबा मात्र उतारावरून घरंगळत डागोजीरावांच्या पायाशी जाऊन थांबला होता आणि तिथून अजून गोड हाक मारत होता. बारकू त्या हाकेकडे पळत गेला.

पुढचं मी सांगत नाही. थोडा वेळ गवत हललं, मग हलायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी जंपसन साहेब फीडबॅक घ्यायला आले. हौसा त्याच गवतात उभी होती. साहेबांनी आवाज अगदी हळुवार केला. दुःखी ग्राहकाशी कसं बोलायचं, हेही कंपनीने ठरवून दिलं होतं.

"ताई, डबा वेळेवर उघडला का?"

"उघडला."

"आवाज स्पष्ट आला?"

"आला."

"भीती वाटली?"

"डब्याची? नाही वाटली."

"पिल्लाला हाक आवडली?"

हौसाने मान खाली घातली. "फार आवडली."

"मग आमच्या मालात कमतरता अशी काहीच नाही," साहेब म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं. "उलट एक आनंदाची बातमी आहे. डागोजीरावांनाही हा डबा पसंत पडलाय. त्यांच्यासाठी चवीत काडीचाही बदल करावा लागला नाही. कंपनीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. एकच माल आणि दोन्ही मार्केटं खूश!"

हौसाने त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, मला आवडेल असं काही नकोच होतं हो. डागोजीरावाला आवडणार नाही असं हवं होतं."

साहेबांनी ते ऐकलं. थोडा विचारही केला. "असं उत्पादन कोण घेईल, ताई?" एवढं बोलून त्यांनी एक नवा डबा तिच्यापुढे ठेवला, ग्राहक टिकवण्यासाठी भेट म्हणून, आणि ते उड्या मारत पुढच्या जंगलाकडे निघून गेले.

हौसा संध्याकाळपर्यंत तिथेच उभी होती. अधूनमधून आपल्या बसक्या घशाने हाक मारून बघत होती. गवतातून कुणी उठलं नाही.

संपली गोष्ट. आता काय झालं? का मुसमुसताय? ए, ती कोपऱ्यातली, नाक पूस आधी. काय म्हणता? असा शेवट नको? आवडला नाही?

अरे, गोष्ट आहे ती, तुम्हाला आवडायला थोडीच...

बरं. बरं, रडू नका. मी काय दगडाचा आहे? ऐका तर मग. बारकू वाचला. डबा उघडला आणि तळातून खराखुरा सिंह बाहेर आला. डागोजीराव पळाले ते थेट शाकाहारी झाले. शेंडेनानांना दुसरी टोपी मिळाली. हौसा आणि बारकू सुखाने राहू लागले. जंपसन साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले.

झालं समाधान? बघा, कशा कळ्या खुलल्या एकेकाच्या.

तात्पर्य: गोष्टीचा शेवट नेहमी ऐकणाऱ्याच्या आवडीचा करावा. म्हणजे पुढे कुणीही गोड हाक मारली, की तो गवतातून आपणहून उठून उभा राहतो.